अंगणात न पुरलेली वार

गिरजाबाईंच्या धाकट्या मुलाचं लग्न झालं, त्याच साली त्यांची थोरली सून दवाखान्यात बाळंत झाली. संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बाळामागून पडलेली वार मागितली. सून कबूल झाली, पण गिरजाबाई अडून बसल्या.

"आमच्यात वार अंगणात पुरत्यात. तुला कशाला गं ती?"

"आजी, वारेतल्या पेशी आईच्या गर्भाशयात शिरून बाळासाठी रक्ताच्या वाटा रुंद करतात. एक प्रथिन त्यांना चालवतं. ते बिघडलं की त्या अर्ध्यातच थांबतात, आईचा रक्तदाब चढतो, झटके येतात. ते का बिघडतं, हेच शोधतेय."

"बया! दिसत न्हाई, अन् एवढं काम करतंय!" गिरजाबाई थबकल्या. "झटके म्हंजे बाहेरची बाधा नव्हं?"

"नाही, आजी."

"ने मग. अन् बेगीनं शोध."

गिरजाबाईंची लेक शेवंता बहात्तरच्या दुष्काळात, गरोदरपणाच्या आठव्या महिन्यात, झटके येऊन गेली होती.