उलटं वाक्य

"आता वेनी सोड. गंगावन तं नाही ना लावलं?"

मुलगी पाहायला आलेल्या मुलाचा मामा शालिग्राम लोडाला टेकून बोलला. खामगावच्या बाजारात तो कापसाचा अडत्या. धागा चिमटीत ओढून लांबी पाहायची त्याला सवय. कोकिळाने वेणी सोडली. दाराआड आई गोजरबाईने डोळे मिटून घेतले. केस खरे निघाले. शालिग्रामचा चेहरा पडला. घासाघीस करायला जागाच उरली नाही!

मग तिला चालवलं. ओसरीच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत, आणि परत.

"लुगडं घोट्याच्या वर धर जरा. पाय पाहू दे."

कोकिळाने बापाकडे पाहिलं. कारभारी उंबऱ्याशी हात जोडून उभा होता. ज्याच्या शब्दावर अमडापुरातल्या बांधांची भांडणं मिटत, तो माणूस स्वतःच्या घरात चोरासारखा उभा. त्याने मान हलवली. धर बाई. तिने धरलं.

शेतकऱ्याच्या पोरीने मॅट्रिक पास केलं, हा तिचा गुन्हा. आधीचे पाहुणेही असेच आले, पोहे खाऊन, "आमी कळवू" म्हणून बैलांच्या दमणीत बसले. कोणी कळवलं नाही. दर वेळी कारभारी महिना महिना टपालवाल्याची वाट पाही. हा मुलगा, उत्तमराव, नागपुरात मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सेक्रेटरिएटात कारकून. एवढं स्थळ गेलं तर पुढे दारात कोण येणार? ती धास्ती कारभारीला वाकवत होती.

आता उत्तमराव खाकरला. "इंग्रजी कितपत आलंय पाहू. वाक्यात शब्दांचा क्रम उलटा केव्हा करतात?"

"प्रश्न विचारताना," कोकिळा म्हणाली. "आन् नकारावर जोर द्याचा असला तं. मंग नकार सगळ्याच्या पुढं येऊन उभा राह्यते. त्याच्यामागं क्रियापद. करनारा कितीही मोठा असो, त्याले मागं सराव लागते."

उत्तमराव चमकला. "बरोबर. एक उदाहरण सांगा."

"थांब बे," मामा हसला. "उदाहरन चालता चालता सांगन ते. डावा पाय जरा फेंगडा वाटून राह्यला मले. चाल पोरी, अजून एक डाव."

कोकिळा जागची हलली नाही. तिने लुगडं सोडलं. घोटे झाकले. मोकळ्या केसांचा घट्ट बुचडा बांधला.

"नेव्हर अगेन शॅल आय वॉक फॉर यू."

उत्तमरावचे कान लाल झाले.

"काय म्हने ते?" मामाने विचारलं.

"वाक्य बरोबर आहे."

"अर्थ सांग ना बे!"

उत्तमराव सतरंजीवरची नक्षी पाहत राहिला.

कारभारीला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. त्याने लेकीलाच विचारलं, "काय म्हनली वं माय?"

"म्हनलं, बाबा, पुन्हा कधीच चालनार नाही मी या लोकायसाठी."

कारभारी लेकीच्या तोंडाकडे पाहत राहिला. सकाळपासून तिच्या तोंडाकडे पाहणारा तो पहिलाच माणूस. त्याचे जोडलेले हात हळूच सुटले.

शालिग्रामने उठून उपरणं झटकलं. "चला. आमी कळवू," तो नेहमीच्या गुर्मीत म्हणाला.

कारभारी उंबरा सोडून ओसरीच्या मधोमध आला. आता तो पुरता ताठ उभा होता.

"तुमी बसा, पाव्हनं. पोराले एकट्याले चालू द्या दमनीपर्यंत. आमी पाह्यतो," तो म्हणाला. "मंग कळवू आमी."