घसा बसला त्या बुधवारी

भास्करनं तोंड उघडलं, पण घशातून नुसती हवाच बाहेर आली. समोर दहावीचा वर्ग, शेवटच्या बाकावर मुख्याध्यापिका प्रमिलाबेन, आणि वार बुधवार. आज परीक्षा पोरांची नव्हती, त्याची होती.

सत्त्याऐंशीच्या जूनमध्ये चिपळूणचा हा तरुण मास्तर सिल्वासाला आला, तो मराठी तुकडीवर शिकवायचं म्हणून. हाती आली गुजराती तुकडी. मराठी वाक्याच्या शेपटीला 'छे' लावलं की झालं गुजराती, अशी त्याची भोळी समजूत. पोरं पोट धरधरून हसायची आणि रसायनशास्त्र बाजूलाच राहायचं. शेवटी प्रमिलाबेननी त्याला बोलावून घेतलं.

"भास्करभाई, छोकरांओने तमारुं कांई समजातुं नथी. बुधवारे हुं पोते वर्गमां बेसीश. पछी नक्की करीए."

बुधवारी बाई स्वतः वर्गात बसणार, आणि मग काय नक्की करणार, ते त्याला न सांगता कळलं. नोकरी कायम, नाहीतर बायको-मुलीला घेऊन परत चिपळूणला, सासऱ्यांच्या ओसरीवर. सासरे बोलायचे काहीच नाहीत, पण त्यांचं ते न बोलणंच त्याला नको होतं.

मग पठ्ठ्यानं कंबर कसली. रोज पहाटे दमणगंगेच्या काठी जाऊन विद्युत अपघटनाचा धडा गुजरातीतून मोठमोठ्यानं घोकला. नदीलासुद्धा पाठ झाला असेल. आणि ऐन बुधवारी घसा बसला. बायकोनं, सुलभानं, हळद-दूध पाजलं, ज्येष्ठमध चघळायला लावलं. कशाचा म्हणून उपयोग झाला नाही.

आता पळून तर जाता येत नव्हतं. त्यानं खडू उचलला. फळ्यावर भांडं काढलं, त्यात मोरचुदाचं पाणी, पाण्यात तांब्याच्या दोन पट्ट्या, एकीवर अधिक, दुसरीवर उणे. मग तांब्याचा आयन काढला, त्याच्या डोक्यावर दोन अधिक चिन्हं, आणि तिथून उणे पट्टीकडे एक बाण. खाली समीकरण लिहायला घेतलं, ते मुद्दाम अर्धवट सोडलं आणि खडू रांधा गावाहून येणाऱ्या लीलापुढे धरला. ही पोरगी वर्गात कधी तोंड उघडत नसे.

लीलानं भीत भीत एक इलेक्ट्रॉन लिहिला. भास्करनं दोन्ही तळहात तराजूसारखे पुढे धरले आणि एक हात धाडकन खाली नेला. वर्ग पुढे झुकून बघत होता. हसलं कोणीच नाही.

"अरे, बे जोईए! बे!" मागून कोणीतरी ओरडलं.

लीलानं एकाचे दोन केले. भास्करचे हात समान झाले, आणि त्याचा अर्धा जीव भांड्यात पडला. त्यानं लगेच पुढचं गणित टाकलं, वितळलेल्या मिठाचं. मग चांदीचं. पोरं फळ्यापाशी गर्दी करून भांडायला लागली. डावीकडचा प्रभार उजवीकडे जुळतोय का, एवढ्यावरून गुजराती, वारली, हिंदी, जी येईल ती भाषा चालली होती. अख्ख्या वर्गात गप्प असा एकटा मास्तरच. घंटा झाली तरी जागचं कोणी हलेना.

वर्ग रिकामा झाल्यावर प्रमिलाबेन टेबलापाशी आल्या. भास्करनं घशाला हात लावून काही सांगायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

"सोमवारे ऑफिसमां आवजो. कायमनो ऑर्डर तैयार हशे," त्या म्हणाल्या.

भास्करचे डोळे भरून आले. इतकं हलकं त्याला सिल्वासात पाय ठेवल्यापासून कधी वाटलं नव्हतं. आता सुलभाला कधी एकदा सांगतो असं झालं, आणि सांगायला आवाज नाही, हेही त्याला आठवलं.

दारापर्यंत गेलेल्या प्रमिलाबेन मागे वळल्या. एरवी कधी न हसणारी ती बाई चक्क हसत होती.

"भास्करभाई, आजे तमारुं गुजराती एकदम चोख्खुं हतुं."