चोरटी हवा

लाल सिग्नलला थांबली की टॅक्सी गचके देऊन बंद पडायची. गॅरेजात मेइयुनने तिचे प्लग काढले, तर खडूसारखे पांढरे. म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. कुठल्या तरी चिरेतून चोरटी हवा आत शिरत होती. अख्ख्या ताइनान शहरात अशी चीर कानाने शोधावी तर तिच्या बाबांनीच. त्यांनी रबरी नळी कानाला लावली, दुसरं टोक चालू इंजिनावरून फिरवलं. “काहीच नाही गं.” मेइयुनला मात्र हवेची फुसफुस नळीशिवाय, उभ्या जागी ऐकू येत होती. “मलाही नाही ऐकू येत, बाबा,” ती म्हणाली. बाबांनी पुन्हा नळी फिरवली, या वेळी तिच्या चेहऱ्याकडे बघत. एका जागी हात थांबला. त्यांनी तिथे अंगठा दाबला, तशी इंजिनाची थरथर निवली. “इथे तुझा चेहरा उतरला, पोरी,” ते म्हणाले आणि नळी तिच्या कानाला लावली.