बाईसाहेब कमी होतायत

“बाईसाहेब कमी होतायत,” तो म्हणाला.

“खात नसतील,” ताई म्हणाली.

तिचा डावा हात टेबलावर पालथा होता आणि त्यावर बाईसाहेब बसल्या होत्या. उड्या मारणारी कोळीण. आठ डोळे, एक पाय अर्धा तुटलेला, आणि लक्ष सगळ्या घरावर.

“आठवड्यात तीन माश्या खाल्ल्या. माझ्यापेक्षा बरं जेवतात.”

“मग काळजी लागली असेल. तुझ्यासोबत राहून कुणालाही लागेल.”

फ्लॅश उडाला. ताईचा हात हलला नाही. ती घड्याळं दुरुस्त करायची, हात दगडासारखा. आधी आईला हात देतेस का विचारून पाहिलं होतं, तर ती कोळी बघताच खुर्चीवर चढली आणि वर उभी राहून त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या.

तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. किड्यांचे असे अगदी जवळून मॅक्रो फोटो काढायला कुणी शिकवलं नव्हतं. जुनी लेन्स, आणि उजेड मऊ पडावा म्हणून फ्लॅशवर प्लॅस्टिकच्या डब्याचं पांढरं झाकण. एकच कोळीण, चौदा रविवार, चौदा फोटो. फोटो क्लबनं प्रदर्शनातली अख्खी भिंत द्यायचं कबूल केलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणी भिंत देत होतं.

प्रत्येक फोटोखाली तो कोळिणीची लांबी लिहायचा. जिवंत कोळ्याला पट्टी लावता येत नाही, बसतच नाही तो. कॅमेरा हातात, कधी जवळून कधी लांबून, त्यामुळे नुसत्या फोटोवरून काही कळत नाही. म्हणून पहिल्याच रविवारी त्यानं ताईच्या मनगटाजवळचा तीळ व्हर्नियर कॅलिपरनं मोजून ठेवला होता. दोन मिलिमीटर. फोटोत कोळिणीशेजारी तीळ आला की झालं. कोळीण किती तीळ लांब, गुणिले दोन.

पहिल्या रविवारी चार तीळ, म्हणजे आठ मिलिमीटर. आज तीनच्या किंचित वर. सव्वासहाही नाही.

“झालं का?” ताईनं बाईसाहेबांना डब्यात सोडलं आणि घड्याळ उजव्या हातावर बांधलं.

“उजव्या हातावर?”

“डाव्या हाताला पट्टा घासतो रे. मध्ये जरा रक्तही आलं.”

“घड्याळजीबाई, आधी स्वतःचा पट्टा बदला.”

क्लबच्या सेक्रेटरींना सगळे मास्तर म्हणायचे. शाळेतून रिटायर झाले होते, पण तपासायची सवय गेली नव्हती. सोमवारी त्यांनी चौदा फोटो टेबलावर ओळीनं मांडले.

“हे आकडे तुमचेच?”

“हो सर.”

“पूर्ण वाढलेला कोळी लहान होत नाही. या दोन कोळिणी आहेत. कदाचित तीन.”

“सर, तुटका पाय बघा ना. सगळ्या फोटोंत तोच आहे.”

“पाय तोडता येतो,” मास्तर शांतपणे म्हणाले.

त्याचे कान तापले.

“मग माप चुकत असेल,” मास्तर म्हणाले.

“तीळ आहे सर. कोळी पळतो, कॅमेरा हलतो. तीळ कुठे जाणार?”

“मग कोळी बदललाय. येत्या रविवारपर्यंत काय ते सांगा. नाहीतर भिंत दुसऱ्याला देतो.”

त्या आठवड्यात त्याचं कशातच लक्ष लागलं नाही. मंगळवारी एका बाईंची काच उलटी बसवली. बुधवारी दोन गिऱ्हाइकांचे चष्मे आपसांत बदलले. मालक म्हणाला, “तुलाच नंबर लागलाय बहुतेक.” घरी आला की तो डब्यासमोर बसायचा. बाईसाहेब आतून त्याच्याकडे बघायच्या. मग उठायचा, चौदा फोटो परत मोजायचा. आकडे तेच यायचे.

शुक्रवारी त्याला आठवलं. आठव्या रविवारच्या आसपास डबा खाली पडला होता. तो तेव्हा दुकानात होता. ताई म्हणाली होती, “पडला, पण ती आहे आत.” आणि ताईकडे चिमटे होते. केसाएवढा काटा उचलणारे चिमटे.

रविवारी ताई हात टेबलावर ठेवणार तोच तो म्हणाला, “डबा पडला त्या दिवशी ती मेली ना?”

“कोण?”

“मला वाईट वाटू नये म्हणून तू दुसरी आणून ठेवलीस. चिमट्यानं पाय तोडून.”

ताईनं हात मागे घेतला. “कोळ्याला हात लावायला मी तुझ्यापायी शिकले. तीन दिवस अंगावर काटा होता. आणि मी पाय तोडेन?”

“मग ती लहान का होतेय?”

“तिलाच विचार. माझ्या हातावर बसवून कसली गणितं करत बसतोस? सरळ तिला मोज की.”

तिनं ड्रॉवरमधून घड्याळाच्या काचांची चपटी पारदर्शक डबी काढली. बाईसाहेबांना आत घेतलं, झाकण लावलं. आत जेमतेम त्यांच्या उंचीची जागा, उडी मारायची सोयच नाही. त्यानं डबीखाली आलेखाचा कागद सरकवला. बाईसाहेब रागानं पसरून बसल्या.

त्यानं मिलिमीटरच्या रेघा मोजल्या. परत मोजल्या. डबी फिरवून तिसऱ्यांदा मोजल्या.

“किती?”

“आठ.”

“पहिल्या दिवशी किती होती?”

“आठ.”

“बघ,” ताई हसली. “उगाच माझ्यावर आळ. जा, सांग तुझ्या मास्तरांना. भिंत तुझीच.”

तो हसला नाही.

“चल, पंधरावा फोटो काढ पटकन. मला कामं आहेत.” तिनं बाही वर केली आणि हात नेहमीसारखा टेबलावर पालथा ठेवला.

त्यानं कॅमेरा उचलला नाही. बॅगेतून व्हर्नियर काढलं, शून्यावर आणलं आणि तिचं मनगट धरलं. मग त्याची टोकं तिळाला लावली.

“अरे, बाईसाहेब डबीत आहेत,” ताई म्हणाली. “माझा हात काय मोजतोस?”