जमिनीवर पडलेला फासा

“घोडा दिला तर आज रात्रीच निघशील?” धाकट्याने द्वारपालाच्या घोगऱ्या आवाजात विचारलं.

“आत्ता निघेन,” सून म्हणाली. “मागे वळूनसुद्धा बघणार नाही.”

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला होता. नकाशात किल्ला, किल्ल्याला दरवाजा. खेळ सोंगं घेऊन गोष्ट रचण्याचा; तो चालवणारा धाकटा, त्यामुळे द्वारपाल तोच, राजा तोच आणि राक्षसही तोच. सून झाली होती किल्ल्यातली चोरटी. थोरला, म्हणजे तिचा नवरा, झाला होता तिच्या टोळीचा सरदार. रविवारची दुपार, तीन शिकलीसवरलेली माणसं, पुठ्ठ्याचा एक आडोसा आणि मूठभर फासे. स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसून आई मटार सोलत होती. असले रिकामपणाचे उद्योग तिला पटत नव्हते. कान मात्र टेबलाकडेच होते.

थोरल्याने पेन्सिल खाली ठेवली. “एवढं छान कसं जमलं गं तुला?”

“काय?”

“हेच, निघेन म्हणणं. एरवी सोंग घ्यायचं म्हटलं की तुला हसू आवरत नाही.”

“दादा, सोंग वठलं तर शाबासकी द्यावी. तू चौकशी काय लावलीस?” धाकटा म्हणाला.

“माझ्या टोळीतली बाई मला सोडून जाते म्हणतेय. मी चौकशीही करायची नाही?”

थोरला लिफ्ट तपासायच्या नोकरीत होता. दोर तुटणारच, या खात्रीने तो प्रत्येक लिफ्टमध्ये पाय ठेवायचा आणि घरातही तसाच वावरायचा. पण या वेळी आईला त्याला सर्वस्वी वेडं म्हणता येईना. हल्ली सून फोन आला की गॅलरीत जायची. माळ्यावरची मोठी बॅगही खाली आली होती. चेन बिघडलीय, दुरुस्त करायचीय, म्हणाली होती. घरात कोणी नसताना आईने ती चेन ओढून पाहिली होती. लोण्यासारखी सरकली.

“नियम काय सांगतो?” थोरल्याने जाडजूड पुस्तकावर बोट आपटलं. “समोरचा खोटं बोलतोय असा संशय आला, तर फासा टाकायचा. पंधराच्या वर पडला की त्याने सगळ्यांसमोर खरं काय ते सांगायचं.”

“अरे, पण ती किती झकास बोलतेय! फाशाला विचारून कोणी बोलतं का? सोंग घेतलं की सोंगाचंच ऐकायचं. पुस्तक मिटून ठेव.”

“नियम नाही तर खेळ कसला? नुसती बडबड. मग कोणीही सोंगाच्या आडून मनातलं काहीही बोलून घेईल.”

सुनेच्या हातात तिच्या चोरटीचं प्यादं होतं. ते तिने किल्ल्याच्या दरवाजात ठेवलं, पुन्हा उचललं.

“टाक ना फासा,” ती म्हणाली. “अडवलंय कोणी?”

“टाक बाबा,” आई दारातून म्हणाली. “बायकोला सरळ विचारायला तोंड उघडत नसेल, तर प्लास्टिकच्या गोटीला विचार.”

थोरल्याचे कान लाल झाले. वीस बाजूंचा तो हिरवा फासा त्याने मुठीत खूप वेळ खुळखुळवला आणि टाकला. फासा चहाच्या कपावर आपटला, टेबलावरून खाली उडाला आणि थेट आईच्या स्टुलाखाली गेला.

धाकटा खुर्चीवरून उठू लागला.

“बस खाली!” थोरला ओरडला.

हा नियम पुस्तकातला नव्हता, या घरातला होता आणि थोरल्यानेच केलेला होता. फासा उचलताना धाकटा अंगठ्याने तो फिरवतो, असा त्याला मागे संशय आला होता. तेव्हापासून ठरलं होतं, फासा जमिनीवर पडला तर खेळणाऱ्यांपैकी कोणी हलायचं नाही. जो खेळत नाही, त्याने वाचायचा.

“आई, तू बघ.”

आईने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, मटारची परात बाजूला सारली आणि वाकली. सालपटांच्या ढिगाशी फासा टेकला होता. वर वीस.

तिने मान उचलली. दोघे मुलगे तिच्या तोंडाकडे बघत होते. सून फाशाच्या दिशेला बघतही नव्हती. प्यादं धरलेल्या तिच्या बोटांची नखं पांढरी पडली होती.

आईने फासा उचलून मुठीत घेतला. “तीन.”

“नीट बघितलंस?”

“तीन ओळखायला शाळेत जावं लागत नाही.”

“म्हणजे दादा, तुला काही कळलं नाही,” धाकटा म्हणाला. “खरं बोलतेय की खोटं, काहीच नाही.”

“चालेल,” थोरला म्हणाला आणि खुर्चीत मागे रेलला. हरलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. “नियम म्हणजे नियम. चला पुढे.”

आई परात घेऊन आत गेली. थोड्या वेळाने रिकामे कप घेऊन सून आली.

“आई, फासा द्या. तिकडे खोळंबलेत.”

आईने मूठ उघडली. फासा घामाने ओला झाला होता. सुनेने तो घेतला, पण गेली नाही.

“खरंच तीन होते?” तिने हळूच विचारलं.

आईने नळ सोडला आणि त्याखाली मटार धरले.

“ते राहू दे,” ती म्हणाली. “घोडा कुठवर न्यायचा होता, ते सांग.”

सुनेने एकदा टेबलाकडे पाहिलं आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.