वाटीतली विहीर

शाळेच्या पटांगणात पोरांनी मातीचा डोंगर रचून त्यात ओढा कोरला होता. पाणलोट शिकवायला आलेल्या बाई मोठ्या माणसांना म्हणाल्या, "फवारणीचा पंप जिथं धुता, तिथं नीळ टाका."

जालिंदरनं हसत कोरलेल्या ओढ्याच्या काठावर चिमूटभर टाकली. बाईंनी माथ्यावर झारी ओतली. निळा ओघळ वळणं घेत, खालच्या गावाची विहीर म्हणून ठेवलेल्या वाटीत उतरला.

त्या गावात जालिंदरची लेक कांचन दिली होती. दोनदा तिचं पोट पडलं, आणि दोन्ही वेळा जालिंदर तिच्या सासूला नाही नाही ते बोलून आला होता. आता तिला पुन्हा दिवस गेले होते.

पोरं टाळ्या वाजवत होती. त्यानं भिंतीआड जाऊन फोन लावला. "कांचे, विहिरीचं पाणी पिऊ नकोस."

"मग कुठलं पिऊ, आबा?"