आजच्यापुरता अंगठा

पिंपळनेरच्या प्रौढ साक्षरता वर्गाला निरक्षर मिळेनासे झाले होते. ते संपले की वर्ग बंद आणि कंत्राटी लिपिक समाधानची नोकरीही बंद. तपासणीच्या दिवशी त्यानं गेल्याच वर्षी पास झालेल्या झुंबरबाईंना गाठलं. "अक्का, आजच्यापुरतं अडाणी व्हा." "शिकाले वरीस लागनं, भुलाले एकच दिन?" पण साहेबांसमोर अक्कांनी फळ्याकडे कोऱ्या नजरेनं पाहिलं, हजेरीला निळा अंगठाही उठवला. साहेब खूश. तरी त्यांना धुळ्याच्या गाडीत बसवेपर्यंत समाधानचा जीव थाऱ्यावर नव्हता. स्टँडवर अक्काही भाजी घ्यायला आल्या होत्या. त्यांना बघून त्यानं मान वळवली. तेवढ्यात साहेब समोरच्या गाडीत चढू लागले, तशा अक्का ओरडल्या, "ओ साहेब, ती नंदुरबारनी शे! धुळ्यानी मांगे उभी शे. पाटी वाचा ना!" आणि त्याच निळ्या अंगठ्यानं त्यांनी एकेक अक्षर दाखवलं.